सर्पगंधा आणि रक्तदाबाची गोळी



ठाण्याच्या तलावपाळीवर किंवा कल्याणच्या काळ्या तलावाच्या काठी सकाळी फेरीला येणाऱ्या वयस्क मंडळींच्या बोलण्याकडे जरा कान द्या. "तुमचा वरचा किती? आणि खालचा?" असे प्रश्न तिथे हमखास ऐकू येतात. वरचा आणि खालचा म्हणजे रक्तदाबाचे दोन आकडे. हृदय आकुंचन पावून रक्त ढकलते तेव्हाचा दाब वरचा, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये ते सैल पडते तेव्हाचा खालचा. मग त्यांतलाच कोणी सांगतो, "मी तर गोळी सोडली बुवा. ही इंग्रजी औषधे अंगावर उठतात. आता झाडपाल्याचे घेतो, त्याला अवगुण नाही." दोघेचौघे माना डोलावतात, आणि त्यांतल्या एखाद्याची गोळी दुसऱ्या दिवसापासून बंद होते.

या बोलण्यात दोन समजुती दडलेल्या आहेत. रक्तदाबाची गोळी ही सर्वस्वी परदेशी वस्तू, ही एक. आणि झाडपाल्याला अवगुण नसतो, ही दुसरी. दोन्हींना उत्तर देणारी एक मुळी आपल्याच मुलुखात उगवते. आजची गोष्ट तिची आहे.

तिचे नाव सर्पगंधा. सह्याद्रीच्या ओलसर रानांत झाडांच्या सावलीत हे गुडघ्या-मांडीएवढे झुडूप वाढते. एका पेरावर बहुधा तीन-तीन पाने, पांढरी फुले, फुलांचे देठ तांबूस, आणि पिकल्यावर जांभळी-काळी होणारी वाटाण्याएवढी फळे. औषध असते ते मुळात. हे मूळ वेडेवाकडे, सापासारखे वळलेले आणि चवीला जहर कडू असते. साप-विंचू चावला, ताप उतरेना, झोप लागेना, माणूस भ्रमिष्ट झाला, अशा अनेक प्रसंगी वैद्य आणि वैदू ते देत आले. बिहार-बंगालकडे तर वेडावरचे औषध म्हणूनच ते ओळखले जाई.

सापाच्या विषावर या मुळीचा उपयोग होत नाही, हे आधीच सांगून टाकतो. शहापूर-मुरबाडकडे पावसाळ्यात साप चावण्याचे प्रकार घडतात. तेव्हा मुळी उगाळत बसू नये, माणसाला सरळ दवाखान्यात न्यावे. पण म्हणून मुळीचे सगळेच गुण खोटे ठरत नाहीत. एका वनस्पतीच्या नावावर दहा गुण लावलेले असतात, त्यांतले दोन खरे निघतात. ते कोणते, हे नुसत्या ऐकीव माहितीवर ठरत नाही. ते तपासून पाहावे लागते.

तपासणीला सुरुवात झाली १९३१ साली. त्या वर्षी कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी एक लेख लिहून, ही मुळी वेड आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवर चालते असे मांडले. त्याच वर्षी दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दिकी यांनी मुळीतून काही शुद्ध द्रव्ये वेगळी काढली, आणि त्यांतल्या एकाला हकीम अजमलखान यांची आठवण म्हणून 'अजमलीन' असे नाव दिले. पुढे कर्नल रामनाथ चोप्रा यांनी कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेत जनावरांवर प्रयोग केले आणि या मुळीच्या अर्काने रक्तदाब उतरतो हे दाखवून दिले. वैद्य, हकीम आणि डॉक्टर अशा तिन्ही परंपरांची माणसे एका मुळीभोवती जमली होती. हे आपल्याकडे फार वेळा घडत नाही.

त्या काळी बाहेरच्या जगाची स्थिती काय होती? मोठमोठ्या इस्पितळांतही वाढलेल्या रक्तदाबावर सांगण्यासारखे औषध नव्हते. इतकेच नव्हे, हा दाब उतरवावा की नाही, याविषयीच डॉक्टरांत वाद होता. रक्तवाहिन्या अरुंद झाल्या की शरीर आपण होऊनच दाब वाढवते, तो गरजेचाच आहे, त्याला हात लावू नये, असे नामांकित प्राध्यापक सांगत. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याजवळ देशातले उत्तमोत्तम डॉक्टर होते. मार्च १९४४ मध्ये त्यांचा दाब १८६ आणि १०८ होता. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, झोपेची सौम्य गोळी आणि हृदयासाठी डिजिटॅलिस, एवढेच त्यांना देता आले. १२ एप्रिल १९४५ रोजी त्यांचे डोके असह्य दुखू लागले, दाब ३०० आणि १९० झाला, आणि मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले.

उपाय होते, पण रोगाहून कठीण. पाठीतल्या नसा कापण्याची मोठी शस्त्रक्रिया होती. थायोसायनेट नावाचे औषध होते, पण त्याच्या गुणाच्या मात्रेत आणि विषाच्या मात्रेत अंतर अगदी थोडे होते. आणि अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात डॉ. केम्पनर यांनी एक पथ्य काढले होते: भात, फळे आणि साखर. भात म्हटल्यावर आपल्याला वाटेल, हे तर आपले रोजचेच! पण त्या भातात मिठाचा कण नसे, आणि मर्म तिथेच होते. आपल्या खाडीकाठच्या भाताशेजारी सुकट असते, लोणचे असते, पापड असतो. ठाण्याच्या खाडीवर पिढ्यान् पिढ्या मिठागरे पिकली. मिठाला आपण खाल्ल्या अन्नाची खूण मानतो, त्यामुळे 'मीठ कमी करा' हा सल्ला आपल्या तोंडाला रुचत नाही. तो खरा मात्र आहे. केम्पनरच्या रोग्यांचा दाब उतरे, पण तसे बेचव अन्न महिनोन् महिने खाणे थोड्यांनाच जमे.

आता परळला येऊ. कल्याणहून, ठाण्याहून गाडीत बसले की दादरच्या पुढचे स्टेशन. तिथले के.ई.एम. इस्पितळ १९२६ पासून उभे आहे, आणि ठाणे जिल्ह्यातल्या किती घरांतले रोगी तिथे जाऊन आले असतील याला गणती नाही. या इस्पितळात डॉ. रुस्तम जाल वकील हे हृदयरोगाचे डॉक्टर काम करीत. १९११ साली मुंबईत जन्मलेले हे पारशी गृहस्थ. सर्पगंधेचे नाव त्यांच्या कानी होतेच. भारतातले पुष्कळ डॉक्टर तोवर ती देऊही लागले होते. पण "देतो आणि गुण येतो" हे म्हणणे वेगळे आणि किती जणांना, किती दिवसांत, किती आकड्यांनी गुण आला हे सांगणे वेगळे.

वकिलांनी ते सांगितले. रक्तदाबाच्या ५० रोग्यांना त्यांनी सर्पगंधेच्या मुळाच्या गोळ्या दिल्या आणि दाब मोजून नोंदी ठेवल्या. चार आठवड्यांनी पाहता दहांतल्या आठांहून अधिक रोग्यांचा दाब उतरलेला होता. हा लेख १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या विलायती नियतकालिकात छापून आला. अवघी सहा पाने! पण कित्येक शतके भारतात राहिलेली मुळी त्या सहा पानांनी जगाच्या नजरेला आणली.

वर्गात शिकवणाऱ्या माझ्या शिक्षकबंधू-भगिनींनी इथे क्षणभर थांबावे असे वाटते. या कामाला मोठे यंत्र लागले नव्हते. दंडाला गुंडाळायचा पट्टा इटलीच्या रिव्हा-रॉची यांनी १८९६ साली काढला होता. कानाने ठोके ऐकून दोन्ही आकडे सांगण्याची रीत रशियाच्या कोरोत्कोव यांनी १९०५ साली दाखवली होती. पट्टा, पारा, कान आणि वही, एवढ्या भांडवलावर हे झाले. त्यातही वहीचे महत्त्व मी अधिक मानतो.

लेख अमेरिकेत बोस्टनच्या डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी वाचला. त्यांनी भारतातून औषध मागवून आपल्या रोग्यांवर पाहिले आणि गुण येतो असे जाहीर केले. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये बाझल शहरी सीबा कंपनीच्या म्युलर, श्लिटलर आणि बाइन या तिघांनी १९५२ साली मुळीतले मुख्य द्रव्य वेगळे काढले. त्याचे नाव रिसर्पिन. त्याची मात्रा ग्रॅममध्ये मोजायची नसते. मिलिग्रॅमचा चौथा हिस्सा पुरे होतो, म्हणजे एका ग्रॅमचे चार हजार भाग केले तर त्यांतला एक. सर्पगंधेच्या चिमूटभर चूर्णात केवढी ताकद असते, हे यावरून ध्यानी घ्यावे.

मग एकच झुंबड उडाली. मुळीला वेडावरचे औषध म्हणत, त्याचीही कोणीतरी परीक्षा घ्यायला हवी होती. अहमदाबादचे डॉ. हकीम यांनी ती मनोरुग्णांवर वापरून आपले निष्कर्ष १९५३ साली मांडले. त्याची बातमी न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात आली. ती वाचून नेथन क्लाइन या मानसोपचारतज्ज्ञाने आपल्या इस्पितळात रिसर्पिन देऊन पाहिले. ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ सालचे. जगभरच्या अशा इस्पितळांतून तोवर अशांत रोग्याला कोंडून ठेवणे, बांधून ठेवणे यापलीकडे फारसे हाती नव्हते. गोळी देऊन माणूस शांत होतो, हेच नवल होते. १९५७ साली अमेरिकेचा प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार रिसर्पिनच्या कामासाठी दिला गेला, त्यात क्लाइन यांच्याबरोबर डॉ. वकील होते. पुढच्या वर्षी भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. मुळी मात्र रानातून भराभर उपटली जाऊ लागली, आणि सरकारला तिच्या निर्यातीवर बंदी घालावी लागली.

इथवरची गोष्ट अभिमानाची आहे. आता दुसरी बाजू. तीही तितकीच आपली आहे.

औषध लाखो माणसांच्या पोटात जाऊ लागले तसे त्याचे अवगुण दिसू लागले. नाक चोंदणे, पोटात आग, जुलाब, दिवसा पेंग. हे लोक सोसून नेत. पण काही रोगी उदास होऊ लागले. जेवण नको, बोलणे नको, पहाटे जाग येऊन मनात काळे विचार. मोठ्या मात्रेवर असलेल्या काहींनी तर जीव देण्याचा प्रयत्न केला. दाब उतरला होता, आकडे उत्तम होते, आणि माणूस आतून विझत चालला होता. घरच्यांना वाटे, म्हातारपणाने असे झाले. गोळीचा संशय कोणाला येणार? ती तर गुणाची!

आणखी एक गोष्ट दिसली. काहींचे हातपाय कंपवाताच्या रोग्यासारखे ताठर आणि मंद झाले. हे का होते, याचा शोध स्वीडनचे आर्व्हिड कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास घेतला. मज्जातंतूंच्या टोकांशी काही रासायनिक द्रव्ये साठवलेली असतात, त्यांच्यामार्फत एक तंतू दुसऱ्याला निरोप देतो. रिसर्पिन ही कोठारे रिकामी करते. रक्तवाहिन्या आवळण्याचा निरोप पोचत नाही, म्हणून दाब उतरतो. पण मेंदूतली कोठारेही रिती होतात, म्हणून हालचाल मंदावते. कार्लसन यांनी रिसर्पिन देऊन निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा नावाचे द्रव्य टोचले, आणि ते ससे उठून वावरू लागले. आज कंपवाताच्या रोग्यांना जी मुख्य गोळी देतात, तिचा रस्ता इथून निघाला. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले. सर्पगंधेच्या अवगुणाने असे एका निराळ्याच रोगाचे औषध दाखवले.

मग औषध टाकून द्यायचे का? तसे झाले नाही. डॉक्टरांनी मात्रा कमी केली. अर्धा-एक मिलिग्रॅमच्या जागी चौथा हिस्सा किंवा त्याहूनही कमी, आणि जोडीला लघवी साफ करून मीठ बाहेर काढणारी दुसरी गोळी. अमेरिकेत माजी सैनिकांच्या इस्पितळांत डॉ. फ्राइस यांनी १४३ पुरुषांवर एक परीक्षा केली. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले हे रोगी. ७३ जणांना रिसर्पिनसह तीन औषधे दिली, ७० जणांना तशाच दिसणाऱ्या पोकळ गोळ्या. १९६७ साली निकाल छापला: पोकळ गोळीवाल्यांत २७ जणांवर पक्षाघात, हृदयाचा बिघाड यांसारखी गंभीर संकटे आली, औषधवाल्यांत फक्त दोघांवर. दाब उतरवावा की नाही हा वाद या पातळीच्या दाबापुरता संपला, आणि तो संपवणाऱ्या तीन औषधांत एक आपल्या रानातले होते. आपल्या घरातल्या वृद्धांना 'ॲडेल्फेन' हे नाव कदाचित आठवेल. कितीतरी वर्षे आपल्याकडे खपलेल्या त्या गोळीत रिसर्पिनच होते.

पुढे अधिक सोयीची औषधे आली आणि सर्पगंधा मागे पडली. त्यांतले एक कॅप्टोप्रिल. ब्राझीलच्या जराराका नावाच्या विषारी सापाच्या विषाचा अभ्यास करता करता त्याची वाट सापडली आणि १९८१ साली ते अमेरिकेत वापरात आले. सापाच्या नावाची मुळी मागे पडली आणि सापाचेच विष पुढे आले, असा हा योग! त्याचाही अवगुण आहेच. या जातीच्या गोळ्यांनी दहांतल्या एखाद्याला कोरडा खोकला लागतो. मग तो माणूस खोकल्याची बाटली आणतो, छातीचा फोटो काढतो, आणि मूळ गोळी तशीच चालू राहते. डॉक्टरांना सांगितले तर ते दुसरी देतात. खोकला न आणणारी लोसार्टन-टेल्मीसार्टनची जात त्यानंतर निघाली. ॲम्लोडिपिनने पायाच्या घोट्याशी सूज येते. लघवीच्या गोळीने रक्तातले क्षार कमी होऊन थकवा येतो, पेटके येतात. ॲटेनोलॉलसारखी गोळी अचानक तोडली तर छातीत दुखू शकते. कॅप्टोप्रिल आणि टेल्मीसार्टन या दोन्ही जाती गरोदर बाईला देत नाहीत, गर्भाला अपाय होतो.

कोलेस्टेरॉलच्या, म्हणजे रक्तातल्या चरबीच्या, गोळ्यांची हकिकत थोडक्यात सांगतो. १९६० साली अमेरिकेत ट्रायपॅरानॉल नावाचे औषध आले. त्याने डोळ्यांत मोतीबिंदू होऊ लागले, आणि जनावरांवरच्या प्रयोगांतले वाईट निकाल कंपनीने दडवले होते हेही उघडकीस आले. १९६२ साली ते मागे घ्यावे लागले. जपानचे आकिरा एन्डो यांनी १९७३ साली एका बुरशीत स्टॅटिन जातीचे पहिले द्रव्य शोधले. १९९४ साली उत्तर युरोपातल्या ४,४४४ हृदयरोग्यांवरच्या परीक्षेचा निकाल लागला: पोकळ गोळीवाल्यांत २५६ मृत्यू, सिम्व्हास्टॅटिनवाल्यांत १८२. तरी याच कुळातले सेरिव्हास्टॅटिन स्नायूंची नासाडी करते म्हणून २००१ साली बाजारातून काढले गेले. आज स्टॅटिन घेणारे पुष्कळ लोक अंगदुखीची तक्रार करतात. २०२२ साली छापलेल्या मोठ्या तपासणीत दिसले की त्या तक्रारींपैकी दहांतल्या नऊंहून अधिक गोळीमुळे नसतात, पोकळ गोळी घेणाऱ्यांचेही अंग तसेच दुखते. पण लघवी काळपट झाली आणि स्नायू कमालीचे दुखू लागले, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

इथेही आपली एक वनस्पती परीक्षेला बसली होती: गुग्गुळ. १९६६ साली बनारसला सत्यवती यांनी सशांवर प्रयोग करून गुग्गुळाने रक्तातली चरबी कमी होते असे दाखवले. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने पुढे त्याचे औषधही बनवले. पण २००३ साली फिलाडेल्फियात १०३ माणसांवर, पोकळ गोळीशी तुलना करून, पाहिले तेव्हा वाईट चरबी उतरण्याऐवजी किंचित वाढलीच, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठले. सर्पगंधा परीक्षेत उतरली, गुग्गुळ त्या परीक्षेत तरी उतरला नाही. दोघेही झाडपाल्याचेच.

आपल्या गावाकडे वळू. वाढलेल्या रक्तदाबाचे मोठे लबाड लक्षण असे की तो बहुधा काहीच लक्षण दाखवत नाही. गुडघा दुखला तर गोळीने बरे वाटते. इथे मात्र ठीकठाक माणूस गोळी घेतो आणि त्याचे फक्त अवगुण त्याला जाणवतात. टळलेला पक्षाघात कोणाला दिसत नाही, सुजलेला घोटा दिसतो. डोंबिवलीहून पहाटेच्या गाडीला लोंबकळत जाणारा कामगार काय किंवा मुरबाडचा शेतकरी काय, गोळी सोडण्याची इच्छा यातूनच होते. त्यात वेडे काही नाही. पण ती गुपचूप सोडल्याने डॉक्टरला बदलून देण्याची संधीच मिळत नाही.

२०१७ साली देशात सरकारी दवाखान्यांतून रक्तदाब आटोक्यात आणण्याची योजना पाच राज्यांत सुरू झाली. त्यांत महाराष्ट्र होता. प्राथमिक आरोग्य केंद्रात दाब मोजून घेता येतो. तेव्हा पुढच्या खेपेला जाल तेव्हा एक करा. घरात चालू असलेले सगळे एका पिशवीत घाला: रक्तदाबाची गोळी, चरबीची गोळी, कंबर दुखते म्हणून दुकानातून आणलेली गोळी, वैदूने दिलेली पुडी, आणि पेटीवर 'सर्पगंधा' लिहिलेली वटी असेल तर तीही. दुखण्यावरच्या पुष्कळ गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. सर्पगंधेची वटी दुसऱ्या गोळीबरोबर पडली तर दाब फार उतरून चक्कर येते. मन उदास राहत असेल तर ती मुळीच नको. लिहिता येत नसेल तर नातवाला सांगून वहीत तारीख आणि दोन आकडे मांडून घ्या. खोकला, सूज, चक्कर, उदासी, जे काही नवे सुरू झाले असेल ते कधीपासून, तेही त्याच पानावर. ती पिशवी आणि ती वही डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा, आणि त्यांनी पाहिल्यावाचून उठू नका.